कोरडा पाटा

परसात न्हाणीच्या भिंतीला टेकून तो उभा असतो. तोंड भिंतीकडे, पाठ आमच्याकडे. पाणी निथळून जावं म्हणून आजीनं त्याला असं उभं ठेवायला सुरुवात केली, आणि आजी गेल्यावरही ती रीत कुणी मोडली नाही. हातभर लांब, दीड वीत रुंद, डोक्याकडे निमुळता. मधोमध इतका झिजलेला की ओंजळभर पाणी सहज मावेल. कोरडा असला की राखी दिसतो, ओला झाला की नुकत्या धुतलेल्या म्हशीच्या पाठीसारखा काळाभोर. आमच्या बेंबळी गावच्या शिवारात विहीर खणायला घ्या, काळी माती संपली की मुरूम लागतो आणि मुरमाच्या खाली याचेच भाऊबंद. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजून झालेला हा दगड. आमच्याकडे त्याला फक्त पाटा म्हणतात.

त्याच्याविषयी बोलायचं तर वरवंट्याला सोडून बोलता येत नाही. आजी त्याला वरुटा म्हणायची. घरात मूल जन्मलं की पाचवीला या दोघांची पूजा मांडायची. बारशाच्या दिवशी तर वरवंट्याचा मान मोठा. त्याला तेल लावून, टोपडं घालून, पाळण्याच्या खालून-वरून बायका एकमेकींच्या हातात देतात, आणि मग बाळाची पाळी येते. म्हणजे आमच्या घरातल्या प्रत्येक मुलाच्या आधी हा दगड पाळण्यात जाऊन आलेला आहे. लहानपणी मी एकदा त्याच्यावर पाय ठेवला तेव्हा आजी म्हणाली होती, "तुझा थोरला भाऊ हाय त्यो. पाया पड आदी." मी पडले. अजूनही पाटा मांडला की आधी वरवंट्याला हात लावून कपाळाला लावते.

मिक्सर आला आणि दोघांचं काम कमी झालं. पण संपलं नाही. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाच्या आदल्या दिवशी, घरात भज्जीची आणि अंबिलाची तयारी चाललेली असताना, शेंगदाण्याची नाहीतर कारळाची चटणी पाट्यावरच व्हायची. शेंगदाणे सुटे असतात तोवर वरवंट्याखाली खडखडतात, मग आवाज बसतो, मग तेल सुटतं आणि चटणी दगडाला लकाकी आणते. हे तेल सुटणं पाट्याला चांगलं ठाऊक आहे. पुढचं सगळं त्याच एका ओळखीवर घडलं.

पुण्यात एका प्रदर्शनातून मी केरळातल्या इडुक्कीकडच्या, न भाजलेल्या कोकोच्या बियांची पिशवी आणली होती. भट्टी न लावता घरी चॉकलेट करता येतं असं कळलं होतं आणि ते करून बघायचंच होतं. मिक्सरच्या भांड्यात बिया घातल्या. भुगा झाला, पात्याखाली चिकटून बसला, भांडं हाताला चटका बसेल इतकं तापलं आणि मोटारीचा वास सुटला. न तापवता करायचं म्हणून ज्याचा घाट घातला तेच तापून गेलं. उरलेली पिशवी डिसेंबरात बेंबळीला घेऊन आले. आईनं एक बी नखानं दाबून पाहिली, बोटं एकमेकांवर चोळली आणि म्हणाली, "हे तर तेलाचं हाय गं. पाट्यावर घे की."

तिचं बरोबर होतं. कोकोच्या बीचं टरफल काढलं की आतल्या गरात जवळजवळ निम्मी चरबी असते. ते वाटायला तेल-पाणी काही लागत नाही, ते आपल्याच चरबीत वाटलं जातं.

पण पहिल्या दिवशी पाटा रुसला. मी त्याला वरवर पुसून घेतलं होतं. दिसायला कोरडा होता, पण टाक्यांच्या खळग्यांमध्ये पाणी दडून होतं. बिया वाटून लगदा छान होत आला, खडीसाखरेची पूड घातली, आणि पाहता पाहता सगळं गोळामोळा होऊन कोरड्या मातीसारखं झालं. चॉकलेटमध्ये थेंबभर पाणी गेलं की साखरेचे कण त्या ओलाव्यानं एकमेकांना धरतात, चरबी बाजूला पडते, आणि मग कितीही वाटा, ते सैल होत नाही. शिवाय त्याला लसणाचा वास होता. इतक्या वर्षांच्या ठेच्याचा वास दगडानं जपून ठेवला होता, आणि कोकोची चरबी वास धरायला फार तयार असते. ते सगळं टाकून द्यावं लागलं. त्या दिवशी मला वाईट वाटलं ते वाया गेलेल्या बियांपेक्षा पाट्यासाठी. जन्मभर त्याला ओलंच वापरलं आणि एका सकाळी कोरडा हो म्हणून सांगितलं.

मग त्याची तयारी केली. टाकी लावायला येणाऱ्या बाईंकडून त्याला नव्यानं टाकवून घेतलं. छिन्नीचे बारीक घाव ओळीनं पडत गेले तसा त्याचा चेहरा उजळला. ताजी टाकी लावलेला पाटा दगडाची कच सोडतो, म्हणून त्यावर मूठ-मूठ ज्वारी भरडून फेकून दिली, पीठ पांढरं येईपर्यंत. लसणाचा वासही तिनंच ओढून घेतला. मग चार दिवस ऊन. पाचव्या दिवशी तळहात ठेवला तर हाताला धुळीसारखा कोरडेपणा लागला.

सोलणं हे या कामातलं सगळ्यात चिवट. भाजलेल्या बीचं टरफल लगेच सुटतं, कच्चीचं नाही. दुपारभर उन्हात ठेवून, एकेक चुरडून, सुपात पाखडायची. सूप हातात आलं आणि आई एकदम कामाची मालकीण झाली. फोल पुढं उडतं, गर मागं राहतो. पाव किलो बियांमधून दोनशे ग्रॅमच्या आसपास गर निघाला.

हिवाळ्यात सकाळी पाटा गार असतो आणि गार दगडावर कोकोची चरबी हलतच नाही. म्हणून त्याला अंगणात उन्हात मांडायचं, अकरा वाजेपर्यंत थांबायचं. काळा दगड ऊन पितो. तो कोमट झाला की गर टाकायचा आणि गुडघे टेकून बसायचं. पहिला पाऊण तास नुसता भुगा. खांदे भरून येतात आणि वाटतं हे काही होत नाही. मग वरवंट्याचा आवाज बदलतो, कारळासारखाच, आणि भुग्याच्या कडा ओलसर दिसू लागतात. पुढच्या तासात तो ओघळायला लागतो. पाट्याच्या मधल्या खळग्यात, जिथं कितीतरी जणींच्या हातांनी दगड झिजला, तिथं तो तपकिरी रस आपणहून गोळा होतो.

मेक्सिकोत हे काम असंच होतं आणि अजूनही काही घरांत होतं, हे मला नंतर वाचून कळलं. तिथला पाटा तीन पायांचा, थोडा उतरता, तोही ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा. कोको वाटताना त्याच्या खाली निखारे ठेवतात. आमच्या अंगणात जे ऊन करतं ते तिथं निखारे करतात. नावात्ल भाषेत त्या पाट्याला मेत्लात्ल म्हणतात आणि त्याच्या वरवंट्याला मेत्लापिल्ली, म्हणजे पाट्याचं लेकरू. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. आमच्याकडे वरवंट्याला पाळण्यात घालतात; समुद्रापलीकडच्या त्या माणसांनीही दगडांच्या जोडीत आई-लेकरूच पाहिलं.

आमच्या पाट्याची सून म्हणावी अशी एक वस्तू कोइंबतूरला घडते, इडली-डोशाचं पीठ वाटायचा विजेचा ग्राइंडर. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या काही हौशी लोकांनी त्यात कोको वाटून पाहिला. पुढं त्यासाठी यंत्रात सुधारणा झाल्या आणि आज जगभरच्या लहान चॉकलेट कार्यशाळांत भारतात घडलेले हे दगडी ग्राइंडर दिवस-दिवस फिरत असतात. 1879 साली रोडॉल्फ लिंट यानं स्वित्झर्लंडमध्ये चॉकलेट तासन्‌तास घोटायचं यंत्र काढलं, त्यानंतर जिभेला कण न लागणारं चॉकलेट हेच चांगलं अशी जगाची समजूत झाली. पाट्यावरचं तसं होत नाही. जिभेला साधारण तीस मायक्रॉनपेक्षा मोठा कण लगेच कळतो आणि माझे हात तिथपर्यंत पोचत नाहीत. खडीसाखर दाताखाली कुरकुरते. सिसिलीतल्या मोदिका गावचं चॉकलेट मुद्दाम असंच करतात, साखर विरघळू न देता. 2018 साली त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही मिळालं. मला ही कुरकुर आवडते. ती पाट्याची सही आहे.

अशा न भाजलेल्या चॉकलेटला 'कच्चं चॉकलेट' म्हणतात; त्या शब्दाबद्दल मात्र खरं सांगितलं पाहिजे. ते करणारे तापमान साधारण 42 ते 48 अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. पण कोकोच्या ताज्या बिया मळ्यातच आंबवतात, आणि त्या ढिगात आपोआप 45 ते 50 अंश उष्णता होते. म्हणून 'कच्चं' म्हणजे न भाजलेलं एवढंच. भाजण्यानं जंतूही मरतात, ते इथं घडत नाही. त्यामुळं बिया स्वच्छ वाळवलेल्या, खात्रीच्या हातून घ्याव्यात. अगदी लहान मुलांना आणि गरोदर बायकांना मी हे देत नाही. चव वेगळी आहे हे नक्की. भाजलेल्याचा खरपूस वास नाही, त्याऐवजी थोडी आंबट, चिंचेच्या कोळासारखी कडा आहे.

खडीसाखरेची पूड घातली तर वडी होते. गूळ घातला तर होत नाही, कारण गुळात पाणी असतं आणि पाणी आलं की काय होतं ते पाट्यानं मला शिकवलंच होतं. आईनं त्याच दोषाचं सोनं केलं. गुळानं आळलेल्या गोळ्यात तिनं कच्चे तीळ, किसलेलं सुकं खोबरं आणि सुंठ घातली. म्हणजे रामनवमीचा सुंठवडाच, फक्त कोकोच्या अंगानं. तोही चुलीशिवायच होतो, मग हा का नाही, असं तिचं म्हणणं. तिनं सुपारीएवढे लाडू वळले. वडीपेक्षा लाडूच मला जास्त आपले वाटतात.

हे सगळं मार्गशीर्ष ते माघ एवढ्यातच जमतं, आणि त्याचं कारण आमच्या डोक्यावरचे पत्रे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर आमच्या घराचं माळवद उतरवून पत्रे घातले, डोक्यावर मातीचा भार नको म्हणून. तेव्हा कितीतरी रात्री सगळं घर अंगणात झोपायचं आणि पाटाही बाहेरच होता. चटणी-भाकरीवर ते दिवस काढले असं आई सांगते. पत्र्याखाली जीवाची भीती गेली, पण उन्हाळा आत आला. कोकोची चरबी 34 अंशांच्या आसपास वितळते. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात दुपारी ती घट्ट राहूच शकत नाही. जानेवारीत मात्र थापलेली वडी पळसाच्या पानावर ओसरीत ठेवली की सकाळी टकटक वाजते.

यंदा येळवशीला तीस लाडू झाले. शेतात कडब्याच्या कोपीपाशी जेवणं झाल्यावर ते वाटले. मामांनी एक तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि विचारलं, "पाट्यावर केलाव व्हय?" मी हो म्हटलं. त्यांनी आणखी एक घेतला.

आदल्या संध्याकाळी ते लाडू वळून झाले तेव्हाची गोष्ट राहिलीच. पाटा पुसायचा होता. थंडीनं उरलेलं चॉकलेट टाक्यांत घट्ट बसलं होतं. मी गरम पाणी आणायला उठले तर आईनं थांबवलं. चटणी वाटून झाल्यावर पाटा भाकरीनं पुसून ती भाकरी ज्यानं वाटलं त्याला द्यायची, ही आजीची रीत. तव्यावरून नुकतीच उतरलेली ज्वारीची भाकरी तिनं मोडली, अर्धी माझ्या हातात दिली. वाफ असलेला तुकडा दगडावर फिरवला तसं टाक्यांतलं तपकिरी सैल होत गेलं आणि भाकरीला लागत गेलं. डोक्याकडून खाली, मग खळग्यात, मग वरवंट्याच्या अंगावरून. चुलीपुढं बसून दोघींनी ती खाल्ली. मग आईनं पाटा उचलून भिंतीला लावला, तोंड भिंतीकडे, आणि वरवंटा त्याच्या पायाशी ठेवला.