आप्पांची सिस्टर

आयसीयूतून वॉर्डात आल्यावर फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी आप्पांना कुशीवर वळवलं, पाठ निरखून पाहिली आणि म्हणाल्या, "व्हेंटिलेटरवरून आलेत, पण पाठीला साधा ओरखडा नाही. नर्सिंग फार चांगलं झालंय." आप्पा वाचले ते औषधांनी आणि डॉक्टरांनी वेळीच केलेल्या निदानाने. पण त्या धडधाकट पाठीमागे कोण होतं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं.

न्यूमोनियाचा संसर्ग रक्तात पसरला, बीपी ढासळलं, तेव्हा दादाने त्यांना रातोरात मिरजेला आणलं. घशात नळी, नाकात नळी, मानेतून औषधं, आणि इंजेक्शनने मुद्दाम आणलेली गुंगी. माणूस असा निपचित पडला की शरीराचा भार त्याच त्याच हाडांवर येतो, तिथलं रक्त थांबतं आणि काही तासांतच कातडी मरायला लागते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. सिस्टर आणि मावशी मिळून आप्पांना वळवायच्या. मग सिस्टर चादरीवरून तळहात फिरवून एकेक चुणी काढायची आणि पोटऱ्यांखाली उशी सरकवून टाचा अधांतरी ठेवायची.

मला तिथे अरुणा शानबाग यांची आठवण यायची. १९७३ साली मुंबईच्या केईएममध्ये या परिचारिकेवर अमानुष हल्ला झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. २०१५ मध्ये त्या गेल्या, तोवर त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांच्या एकामागून एक आलेल्या तुकड्यांनी त्यांना सांभाळलं. त्या सगळ्या काळात त्यांना बेडसोअर होऊ दिले नाहीत. पूर्वी हे वाचून मी हळहळले होते. आप्पांच्या खाटेशी उभी राहिले तेव्हा त्यामागचे कष्ट कळले.

सिस्टर मूळची केरळची, मराठी मिरजेत शिकलेली. आप्पांना शुद्ध नाही म्हणून ती गप्प राहून काम करायची नाही. "आप्पा, नळी साफ करते हं, खोकला येईल, घाबरायचं नाही," असं सांगूनच सक्शन. सकाळी ड्युटीवर आली की, "आप्पा, आज बुधवार. साडेआठ वाजलेत. तुम्ही मिरजेला दवाखान्यात आहात. बाहेर पाऊस लागलाय."

गुंगी कमी केली तसे आप्पा बिथरले. आयसीयूत रात्र कुठली, दिवस कुठला हे कळत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना भ्रम होऊ शकतो. त्यांचा हात सारखा नळीकडे जाई, म्हणून मनगटं पट्टीने खाटेला बांधली. ते पाहून आई कोसळलीच. सिस्टरने तिला स्टुलावर बसवलं. "आई, नळी ओढली तर श्वास अडकेल. पण तुम्ही हात धरून बसणार असाल, तर तेवढा वेळ मी सोडते." तिने स्वतः गाठ सोडली आणि आप्पांचा हात आईच्या हातात दिला. मग विचारलं, "यांना चष्मा आहे का? ऐकू कमी येतं का?" चष्मा कपड्यांच्या पिशवीतून घरी गेला होता. दादाने तो आणला, सिस्टरने पुसून आप्पांना लावला आणि समोरचं घड्याळ दाखवलं. त्यानंतर ते हळूहळू माणसात येऊ लागले.

आप्पा एसटीचे ड्रायव्हर होते, हे तिने आईकडून काढून घेतलं. व्हेंटिलेटरचा आधार कमी करून त्यांचा स्वतःचा श्वास तपासायचा होता, तेव्हा ते घाबरून भराभर धापा टाकू लागले. सिस्टर कानाशी वाकली. "आप्पा, आंबा घाट चढायचाय. घाई नाही. खालचा गिअर टाका, सावकाश." तिचा एक हात त्यांच्या छातीवर, नजर मॉनिटरवर. श्वास लयीत आला. दुसऱ्या दिवशी नळी निघाली. घोगऱ्या आवाजात आप्पांनी मागितलं ते पाणी. गिळता येतंय का ते बघेपर्यंत पाणी द्यायचं नव्हतं. तिने गॉज भिजवून त्यांचे ओठ ओले केले, पुन्हा पुन्हा केले.

आणि हे फक्त आमच्यापुरतं नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या आजी गेल्या त्या संध्याकाळी भेटीची वेळ संपली होती. सिस्टरने डॉक्टरांना विचारून त्यांच्या लेकीला आत घेतलं, पडदा ओढला, मॉनिटरचा आवाज बंद केला. "बोला त्यांच्याशी, ऐकू येत असेल," एवढंच म्हणाली. अर्ध्या तासाने आप्पांची कूस बदलायला आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. हात मात्र नेहमीसारखेच हळुवार.

घरी निघताना आईने साडी आणि नारळ पुढे केला. सिस्टरने नारळ घेतला, साडी परत केली. नियमात बसत नाही म्हणाली. "द्यायचंच असेल तर मेट्रनना पत्र द्या. माझं एकटीचं नाव नको. रात्रीचे ब्रदर आणि मावशी, दोघांचीही नावं घाला."

पत्र मी लिहिलं, आईने सांगितलं तसं. शेवटी आप्पांनी एक ओळ घालायला लावली. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक नर्स हवी; पण सिस्टर दोन-दोन खाटा सांभाळायची आणि रात्रीचं कुणी आलं नाही की तीच थांबायची, हे त्यांनी पडल्या पडल्या पाहिलं होतं. डबल ड्युटीनंतर स्टिअरिंगवर डोळा कसा लागतो ते त्यांना ठाऊक. मी लिहिलं, "या मुलीला सलग दोन पाळ्या लावू नयेत, ही नम्र विनंती." आप्पा म्हणाले, "विनंती खोड. मागणी लिही."