आगगाडी नापास झाली

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या हातून कधी एखादे खेळणे तुटले आहे का? तुटले असेल, तर त्या वेळी घरी काय ऐकावे लागले तेही तुम्हांला आठवत असेल. "तुला नीट खेळता येत नाही का?" हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येते. मीही ते बोललो होतो. त्याचीच ही हकीकत आहे.

मी नागपूरच्या एका उर्दू शाळेत शिक्षक आहे. माझ्या मुलाला घरात सगळे मुन्ना म्हणतात. मागच्या ईदला त्याने आपली सारी ईदी जपून ठेवली. त्याला खेळण्यातली आगगाडी हवी होती. यात नवल नाही. त्याचे दादा, म्हणजे माझे अब्बा, रेल्वेत फिटर होते. इंजिनांच्या गोष्टी ऐकतच मुन्ना मोठा झाला आहे.

आम्ही दोघे सीताबर्डीच्या बाजारात गेलो. एका दुकानात मोठे खोके दिसले. त्यावर डोंगर, पूल, बोगदा आणि धूर सोडणारे इंजिन यांचे सुंदर चित्र होते. किंमतही बेताचीच होती. मी खोके उघडून पाहिले नाही. बिलही मागितले नाही. मुन्नाने स्वतःच्या हाताने पैसे मोजून दिले.

घरी येताच त्याने रूळ जोडले आणि इंजिनात सेल घातले. इंजिन सरळ रुळावर छान धावले आणि पहिल्याच वळणावर कोलमडले. मुन्नाने ते उचलून पुन्हा रुळावर ठेवले. ते पुन्हा पडले. असे पाच-सहा वेळा झाले. मग रुळाचा एक सांधा निसटला. तो दाबून बसवताना त्याची खुंटी मोडली.

मी तेव्हा मुलांच्या वह्या तपासत बसलो होतो. आवाज ऐकून मी रागावलो. "एक तासही झाला नाही आणि तोडलीस? एवढा मोठा झालास, पण तुला वस्तू हाताळता येत नाही!"

मुन्ना काही बोलला नाही. त्याने सगळे सामान खोक्यात भरले आणि खोके पलंगाखाली सरकवले. रात्री तो हळूच विचारत होता, "अम्मी, मला खरंच काही नीट जमत नाही का?" ते शब्द माझ्या कानांवर पडले. मला बराच वेळ झोप आली नाही.

सकाळी अब्बांनी ते खोके बाहेर काढायला लावले. चष्मा लावला, फूटपट्टी घेतली आणि म्हणाले, "आधी तपासायचं, मग दोष द्यायचा. कारखान्यात आम्ही असंच करायचो."

त्यांनी रुळांमधले अंतर मोजले. सरळ तुकड्यांपेक्षा वळणाच्या तुकड्यांत ते 2 मिलिमीटरने कमी भरले. अब्बा मुन्नाला म्हणाले, "बेटा, आपल्या मोठ्या गाडीच्या दोन रुळांमध्ये 1676 मिलिमीटर अंतर असतं. छोट्या गाडीच्या रुळांमध्ये 762 असायचं. अंतर कोणतंही असो, ते सांभाळावं लागतं. फार तीव्र वळणावर ते किंचित वाढवतात, कमी करत नाहीत. मग या रुळांवर गाडी वळणार कशी?"

नंतर त्यांनी इंजिन उलटे केले. दोन चाकांना जोडणारी दांडी वाकडी होती. आगगाडीच्या चाकाला आतल्या बाजूने एक उंच कड असते. तीच गाडीला रुळावर धरून ठेवते. या चाकांना ती कड नावापुरतीच होती. एका डब्याचे चाक तर नुसते ओढताच हातात आले. मुन्नाची बहीण दोन वर्षांची आहे. ते चाक तिने तोंडात घातले असते तर? मी खोके चारी बाजूंनी पाहिले. त्यावर आय.एस.आय.ची खूण कुठेच नव्हती.

मी लाल पेन घेतला आणि खोक्यावरच गुण लिहिले. खोक्यावरचे चित्र, 10 पैकी 10. रूळ, 10 पैकी 2. चाके, 10 पैकी 1. सुरक्षितता, शून्य. शेरा : आगगाडी नापास. मुन्ना हसू लागला. मग मी खाली आणखी एक ओळ लिहिली : न तपासता रागावणारे अब्बू, तेही नापास. मी त्याला म्हटले, "मुन्ना, चूक तुझी नव्हती. मला माफ कर." तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने लाल पेन माझ्या हातून घेतला आणि माझ्या नावापुढे लिहिले, 'फेरपरीक्षा'.

मी ते खोके घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "मास्तर, खेळण्याची कसली गॅरंटी? बिल आहे का?" बिल नव्हते. मी परत आलो. मित्रांनो, माझी ही चूक तुम्ही करू नका. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय.ची खूण असणे आपल्या देशात सक्तीचे आहे. टोकदार कडा, सुटे होणारे लहान भाग, रंगातील घातक द्रव्ये या गोष्टी त्यासाठी तपासल्या जातात. मागूनही बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

पुढच्या रविवारी अब्बा आम्हांला मोतीबागेतले रेल्वे संग्रहालय पाहायला घेऊन गेले. ते 2002 मध्ये सुरू झाले. तेथे छोट्या गाडीची जुनी इंजिने जपून ठेवली आहेत. मुन्ना एका इंजिनाजवळ वाकला आणि चाकाच्या कडेवरून त्याने बोट फिरवले. "दादा, ही बघा खरी कड!" तो ओरडला. त्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या फिटर होईल, कोणी सुतार, कोणी इंजिनिअर. तुमच्या उर्दूतला कारीगर म्हणजेच मराठीतला कारागीर. वस्तू बनवताना ती कोणाच्या हातात जाणार आहे हे आठवा. 2 मिलिमीटरची चूक लहान दिसते. पण त्या चुकीमुळे आमच्या घरी एक मुलगा रात्रभर स्वतःला नालायक समजत होता.