ही कुणाची आजी?

शाळेच्या हस्तलिखितासाठी आठवीतल्या एका मुलीने आपल्या नानीवर लिहून दिले होते. 'नानीचा इंतकाल झाला तेव्हा तिचा पानदान मी घेतला.' मी लाल पेन काढला. नानीची आजी केली, इंतकालचे निधन, पानदानाचा पानाचा डबा. जागा कमी म्हणून शेवटचे वाक्य गाळले. चूक खरे तर एकच होती : 'तिचा पानदान' नव्हे, 'तिचे पानदान'.

सुंदर अक्षराच्या मुलीकडून पान लिहून घेतले. ते घरी दाखवून आल्यावर ती म्हणाली, "मॅडम, अम्मीने विचारलं, ही कुणाची आजी?"

माझ्याही घरी नानीच होती. मग मी असे का केले? बीएडला प्रमाणभाषा शिकले, हे एक कारण. दुसरे सांगायला लाज वाटते. 'यांचं मराठी असंच', असे स्टाफरूममध्ये कुणी म्हणू नये म्हणून.

उर्दूत इस्लाहची जुनी रीत आहे. तरुण इक्बाल पंजाबातून हैदराबादला दाग देहलवींकडे टपालाने गझला पाठवत. पण पाठवणारा शागिर्द स्वतः असे, आणि दुरुस्त कागद त्याच्याच हाती परत येई. मी तर त्या मुलीला विचारलेही नाही.

हदीसच्या उलेमांची काळजी याहून मोठी. काझी इयाज (वफात हिजरी 544) लिहितात की, बहुतेक उस्ताद पोथीत चूक दिसली तरी मजकूर जसा मिळाला तसाच ठेवत आणि बरोबर काय ते समासात लिहीत. इब्न सलाह (वफात हिजरी 643) तर खूण कशी करावी तेही सांगतात. शंकास्पद शब्दावर 'स्वाद' अक्षराच्या तोंडासारखी लांब रेघ ओढावी, पण ती शब्दाला चिकटू नये. नाहीतर वाचणाऱ्याला शब्द खोडला असे वाटेल! एवढी काळजी, आणि मी सरळ लाल रेघ मारून मोकळी.

मी तिची माफी मागितली. मूळ कागद परत दिला, समासात पेन्सिलीने एकच खूण करून. तिने 'तिचे पानदान' केले. बाकी सगळे तसेच ठेवले, मी गाळलेले वाक्यही : 'पानदानात अजून सुपारी आहे, अम्मी ती फेकू देत नाही.'