कमी काय आहे, ते आधी मोजूया



माझ्या घरी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. "सर, अमरावतीत समुद्र कुठून आणला?" असं मुलं नेहमी विचारतात. समुद्र पाकिटातून येतो! आरओच्या पाण्यात सागरी मीठ मोजून विरघळवायचं. टाकीत दोन क्लाउनफिश, काही गोगलगाई आणि गुलाबी शैवालाचा थर चढलेले दगड आहेत. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणून ते ठेवलेले नाहीत. कोणी विकत असेल तर तुम्हीही घेऊ नका.

हे गुलाबी शैवालसुद्धा प्रवाळासारखंच पाण्यातलं कॅल्शियम घेऊन चुन्याचा थर बांधतं. गेल्या पावसाळ्यात तो थर पांढरा पडू लागला. तपासलं तर कॅल्शियम कमी. घातलं. चार दिवसांनी पुन्हा कमी. पुन्हा घातलं, सोबत थोडा खायचा सोडाही. थर काही सुधारेना, उलट हीटरवर आणि पंपावर पांढरी खरपुडी जमली. म्हणजे मी घातलेलं कॅल्शियम शैवालाला न मिळता चुना होऊन हीटरवर बसत होतं.

वाचन केल्यावर कारण कळलं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि जवळपास १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम. चुन्याचा स्फटिक वाढायला लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागावर चिकटतं आणि वाढ रोखतं. त्यामुळे कॅल्शियम पाण्यात विरघळलेलं राहतं. आधी पाण्याचा खारेपणा तपासला, कारण तोच कमी असेल तर सगळेच आकडे कमी येतात. तो बरोबर होता. मग थेंब थेंब टाकून रंग बदलेपर्यंत मोजायच्या किटने मॅग्नेशियम मोजलं. आलं १०८०.

आता आणायचं कुठून? आमच्या शेतात कपाशीवर लाल्या आला की बाबा मॅग्नेशियम सल्फेट फवारतात. अर्धी पिशवी घरात पडलेली होती, हात तिकडेच गेला. पण खत म्हणून विकलेल्या मालात इतर धातूंचा अंश असू शकतो. तांबं तर गोगलगाईंना अगदी थोडंही चालत नाही. शिवाय नुसतं सल्फेट घालत राहिलं तर पाण्यातलं क्षारांचं प्रमाण बिघडतं. समुद्रात सल्फेटपेक्षा क्लोराइड कितीतरी जास्त असतं. मेडिकलमधल्या गोळ्यांत बाकीचे पदार्थ असतात, त्याही नकोत. शेवटी प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून शुद्ध मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट आणलं. हे हवेतलं पाणी ओढून घेतं, झाकण उघडं राहिलं की गोळा होतो.

दगड-वाळू वजा जाता टाकीत १०० लिटर पाणी. लिटरमागे २०० मिलिग्रॅम वाढवायचं, म्हणजे २० ग्रॅम. मी २० ग्रॅम पावडर घातली. किटचा आकडा जेमतेम हलला!

चूक साधी होती. पावडर म्हणजे सगळं मॅग्नेशियम नव्हे. त्यात क्लोरीन आहे, स्फटिकातलं पाणी आहे. मॅग्नेशियम वजनाच्या जेमतेम १२ टक्के. म्हणजे २० ग्रॅमसाठी पावडर लागणार १६७ ग्रॅम! शेकडेवारी शिकवणाऱ्या मास्तरला हे आधी सुचायला हवं होतं. उरलेली १४७ ग्रॅम तीन दिवसांत विभागून, आरओच्या पाण्यात विरघळवून, पंपासमोर हळूहळू ओतली. एका दिवसात १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त वाढ करू नये म्हणतात, जिवांना झेपत नाही. चौथ्या दिवशी आकडा १२७० आला. त्यानंतर घातलेलं कॅल्शियम टिकू लागलं.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. त्याच आठवड्यात मी चौथीच्या वर्गात भागाकाराच्या वह्या तपासत होतो. एका मुलाचा भागाकार दोन महिने चुकत होता. मी त्याला रोज दहा जास्तीची उदाहरणं देत होतो. पालक सभेत सगळ्यांसमोर त्याच्या वडिलांना म्हणालोही होतो, "हा गणितात कच्चाच आहे." ते काही बोलले नाहीत, खाली बघत बसले.

त्या दिवशी त्याला जवळ बसवून एकच उदाहरण सावकाश करायला लावलं. पाढे पाठ होते, भाग बरोबर लावत होता. पण ३०२ मधून २८८ वजा करताना शून्यापाशी अडला. त्याला दशक सुटा करताच येत नव्हता. मी रोज वरून भागाकार ओतत होतो, आणि कमी होतं ते तिसरंच.

मग काड्यांचे गठ्ठे काढले. गठ्ठा सोड, काड्या मोज, वजा कर. तीन आठवडे फक्त एवढंच, रोज थोडं थोडं. भागाकार नंतर बराचसा आपोआप सुधारला. अजून चुकतो, पण चूक कुठे झाली ते आता तो स्वतःच दाखवतो.

त्याच्या वडिलांना घरी जाऊन भेटलो. म्हटलं, "भाऊ, माझंच मोजमाप चुकलं होतं." ते म्हणाले, "जाऊ द्या सर." पण सभेत बोललेलं वाक्य सभेतल्या सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि माफी मात्र फक्त एका घराने ऐकली. ते मला अजून खुपतं. पुढच्या सभेत मी ते सगळ्यांसमोर बोलणार आहे.

पालकांनो, मूल मागे पडलं की लगेच क्लास, वर्कबुक वाढवू नका. आधी शेजारी बसा, एक उदाहरण करताना बघा. आणि शिक्षकमित्रांनो, कुणाला कच्चा म्हणण्याआधी नक्की काय कमी आहे, ते एकदा मोजूया.