सहा ट्रान्झिस्टरांचा ट्रान्झिस्टर

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायचं ते 'ट्रान्झिस्टर बिघडलाय' म्हणतच. पनवेलला उरण नाक्याजवळ वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. १९७०च्या दशकात शाळा सुटली की मी तिथेच बसायचो. ट्रान्झिस्टर हा खरा रेडिओच्या पोटातला वाटाण्याएवढा भाग, पण मराठीत त्याचं नाव अख्ख्या खोक्याला चिकटलं. पुढे बरीच वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, तरी ही चूक मी कधी कुणाची दुरुस्त केली नाही. सेटच्या अंगावरच तर छापलेलं असे: '६ ट्रान्झिस्टर'. गंमत अशी, की सेट उघडला की बहुतेक वेळा सहाही ठणठणीत निघायचे. बिघडलेला असायचा सांधा.

त्याआधीचा रेडिओ व्हॉल्व्हचा. लाकडी पेटी, आत काचेचे दिवे, आणि बटण फिरवल्यावर आवाज यायला अर्धा मिनिट. व्हॉल्व्हमध्ये तार तापवल्याशिवाय इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत; शिवाय त्यांना ओढून घ्यायला दोन-अडीचशे व्होल्ट लागतात. म्हणजे मोठा ट्रान्सफॉर्मर आला, उष्णता बाहेर जायला मोकळी जागा आली, पेटी मोठी झाली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली पूर्ण केलेल्या टिफ्रॅक संगणकात असे सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते.

ट्रान्झिस्टर काय करतो हे सांगायला मला पुस्तकातला नळ कधी आवडला नाही. आपल्याकडे खारबंदिस्तीची उघाडी आहे. ओहोटीला शेतातलं पाणी लोटतं आणि झडप बाहेर उघडते. भरतीला खाडीचंच पाणी तिला दाबून बंद करतं. वाट एकाच दिशेने. हा झाला डायोड. सिलिकॉनच्या स्फटिकात कणभर फॉस्फरस मिसळला तर मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात, बोरॉन मिसळला तर इलेक्ट्रॉनच्या जागा रिकाम्या राहतात. या दोन जाती जिथे भिडतात तिथे अशीच एकतर्फी झडप तयार होते.

आता एका जातीच्या दोन थरांमध्ये दुसऱ्या जातीचा पातळ थर घाला: एमिटर, बेस, कलेक्टर. कलेक्टरच्या बाजूची झडप बंद असते. पण बेसला किंचित प्रवाह दिला की एमिटरमधून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि मधला थर इतका पातळ, की त्यात अडकण्याआधीच बहुतेक सगळे पलीकडे कलेक्टरमध्ये जाऊन पडतात. बेसला एक दिला तर पलीकडे शंभर. दर वर्षी वर्गात कुणीतरी विचारायचंच, "सर, हे जास्तीचे नव्व्याण्णव आले कुठून?" सेलमधून! बोटाने फळी उचलली म्हणून तळ्यातलं पाणी बोटाचं होत नाही. इथे काही तापवावं लागत नाही, सहा-नऊ व्होल्ट पुरतात. म्हणून ट्रान्सफॉर्मर गेला, दिवे गेले, पेटी गेली आणि रेडिओ शेताच्या बांधावर गेला.

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवला तो जर्मेनियमचा. आमच्या दुकानातले जुने एसी १२८ वगैरेही जर्मेनियमचेच. त्यांची खोड म्हणजे उकाडा. मे महिन्यात उन्हात ठेवलेला सेट दुपारी चिरकायचा आणि संध्याकाळी आपोआप सुधारायचा. बेसला काही न देताही आतून प्रवाह गळायचा. सिलिकॉन उष्णता जास्त सोसतो. शिवाय त्याच्यावर स्वतःचीच काचेसारखी साय धरते, पाण्याला दाद न देणारी आणि विजेला अडवणारी. जर्मेनियमचं ऑक्साइड पाण्यात विरघळतं. कोकणात राहणाऱ्याला यापेक्षा वेगळं कारण सांगावं लागू नये.

तरी सांधे राहिलेच. एकेका ट्रान्झिस्टरला तीन पाय, सोबत रेझिस्टर, कंडेन्सर, आणि प्रत्येक पायाला सोल्डरचा ठिपका. पावसाळ्यातल्या खाऱ्या दमट हवेत ठिपका वरून चकचकीत दिसायचा, आतून सुटलेला. त्याला आम्ही ड्राय सोल्डर म्हणायचो. वडील पेन्सिलीच्या टोकाने पट्टी ठोकत जायचे. आवाज खरखरला की जागा सापडली. सहा ट्रान्झिस्टरांत हे जमतं, सहा हजारांत कसं जमावं? भाग कितीही लहान करा, तो हाताने जोडायचा तर यंत्र एका मर्यादेपलीकडे लहान होत नाही. माझ्या मते छोटेपणाची खरी गोष्ट ट्रान्झिस्टरपाशी नाही, इथे सुरू होते. जॅक किल्बी यांनी १९५८ मध्ये सगळे भाग एकाच तुकड्यात बनवून दाखवले. पण त्यांच्या नमुन्यात जोडणीला बारीक तारा लोंबत होत्या. १९५९ मध्ये रॉबर्ट नॉइस यांनी सिलिकॉनच्या त्या सायीवरच धातूच्या रेघा ओढायची युक्ती काढली. सांधा लावायचा नाही, छापायचा.

पुढचा हिशेब फक्त आकड्यांचा. १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२३ च्या आयफोनमधल्या ए१७ प्रो चिपमध्ये १,९०० कोटी. यात बेस नाही, गेट असतं. ते खालच्या सिलिकॉनला न टेकता नुसत्या व्होल्टेजच्या ओढीने वाट उघडतं. अशा चिपला लावलं जाणारं 'तीन नॅनोमीटर' हे मात्र आता जाहिरातीतलं नाव आहे, त्यातलं गेट तेवढं बारीक नसतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्याच तालुक्यात, तळोज्याला, ८३,९४७ कोटी रुपयांच्या टॉवर-अदानी चिप प्रकल्पाला राज्य सरकारने मंजुरी दिली. पुढच्याच वर्षी बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या. टॉवर कंपनीची ख्याती ॲनालॉग चिपची, म्हणजे रेडिओ, सेन्सर, चार्जर यांच्या कामाची. त्यांना तीन नॅनोमीटरचा हव्यास लागत नाही. असा कारखाना इथे झाला तर मला आनंदच होईल.

तुमच्या माळ्यावर जुना ट्रान्झिस्टर असेल तर भंगारात घालू नका. आधी सेल काढा, ते गळून पत्रे खातात. मग मागचं झाकण उघडून पेन्सिलीने हळूच ठोकून बघा.