उतार ओळखणारे पाय

चांगला ड्रायव्हर ओळखायचा तर त्याच्या उजव्या पायाकडे बघावं. ॲक्सिलरेटर दाबणं कुणालाही जमतं. पाय कधी उचलायचा, यात सगळी करामत असते. पुढे वळण आहे, वळणापलीकडे वस्ती आहे, वस्तीत आज बाजार भरलेला असणार, हे ज्याला आधीच दिसलेलं असतं त्याचा पाय दोनशे मीटर अलीकडेच हलका होतो. गाडी आपल्या वेगाने वाहत येते, वेग हळूहळू उतरतो आणि बाजारापाशी पोचेपर्यंत ती हवी तेवढी सावकाश झालेली असते. ब्रेकला पाय लागलाच तर नुसता टेकवण्यापुरता. मागे बसलेल्या म्हातारीची डुलकीसुद्धा मोडत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, एसटीच्या पुढच्या सीटवर बसून शिकले. मे महिन्यात आम्ही कराडहून चिपळूणला आजोळी जायचो. पाटण गेलं, कोयनानगर गेलं, हेळवाक मागे पडलं की कुंभार्ली घाट सुरू होई. तेव्हाच्या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच असे, झाकणाखाली गुरगुरत. त्याची धग पायाला लागायची, पण तिथून ड्रायव्हरचे पाय दिसत, म्हणून ती जागा मी सोडत नसे. घाट उतरायला लागण्याआधी तो गाडी सावकाश करी, डबल क्लच मारून गियर पाडी आणि मग पाय बाजूला घेई. इंजिनाचा आवाज जाड व्हायचा. आख्खी बस, टपावरच्या ट्रंका आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्यांसकट, त्या आवाजाला धरून खाली उतरायची. मी एकदा विचारलं, ब्रेक का नाही लावत? तो म्हणाला, "घाट इंजिनानं उतरायचा असतो, बाळा. ब्रेक हाय तो अडीनडीला."

खाली पोफळीच्या बाजूला रस्त्याकडेला एखादा ट्रक उभा असे. चाकांमधून धूर, जळक्या लायनरचा वास, चाकाखाली दगड आणि बाजूला हताश बसलेला क्लीनर. घाट ब्रेकवर उतरवला की हे होतं. ज्या गियरमध्ये घाट चढतो त्याच गियरमध्ये उतरायचा, हा घाटातला जुना नियम आहे. तो जीव वाचवण्यासाठी आहे, आणि त्यातच डिझेलही वाचतं. गाडी गियरमध्ये आहे आणि पाय उचललेला आहे, अशा वेळी इंजिनाला चाकंच फिरवत असतात. पंप डिझेल जवळजवळ सोडतच नाही. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या मोटारींतही हेच होतं: उतारावर गियरमध्ये पाय उचलला की इंधन तुटतं. उलट न्यूट्रल केलं, तर इंजिन नुसतं जिवंत ठेवायलाही पेट्रोल जाळावं लागतं.

न्यूट्रलबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण अजूनही शहाणी माणसं उतार दिसला की गाडी न्यूट्रल करतात, काही महाभाग तर इंजिनच बंद करतात, आणि त्याला काटकसर समजतात. इंजिन बंद पडलं की ट्रकच्या एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर थांबतो. मोटारीत ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते, पेडल दगडासारखं होतं आणि स्टेअरिंग जड पडतं. जुन्या काळच्या ड्रायव्हरांमध्येही ही खोड होती, आणि तिने किती तरी गाड्या दरीत घातल्या. म्हणून जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. जुन्यातलं जे सोनं होतं ते मात्र आपण हरवत चाललो आहोत, आणि त्याचं मला दुःख होतं.

एसटीत डिझेलचा हिशेब दहा लिटरमागे किती किलोमीटर असा मांडतात. केपीटीएल हा शब्द आगारातल्या प्रत्येकाच्या तोंडी असतो. तीच गाडी, तोच मार्ग, तेवढेच प्रवासी, तरी एका ड्रायव्हरचा आकडा वर आणि दुसऱ्याचा खाली. हा फरक पडतो कुठे? मी कागदावर हिशेब करून पाहिला. दहा टनांची बस ताशी 60 किलोमीटरने धावत असेल आणि ती ब्रेक दाबून थांबवली, तर त्या धावेत साठलेली सगळी शक्ती लायनरमध्ये उष्णता होऊन निघून जाते. तेवढी शक्ती पुन्हा मिळवायला साधारण शंभर मिलिलिटर डिझेल लागतं. कटिंग चहाचा एक ग्लास भरेल एवढं. लिटरमागे चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या बसला तेवढ्या डिझेलमध्ये जवळजवळ अर्धा किलोमीटर जाता आलं असतं. प्रत्येक अचानक ब्रेकला एक ग्लास रस्त्यावर ओतला जातो, फक्त तो दिसत नाही. पाय वेळेवर उचलणारा ड्रायव्हर तेच डिझेल पुढच्या वळणापर्यंत वापरून घेतो.

सायकल चालवणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा लकडी पुलावरून अलका टॉकीजकडे येणारा माणूस चौकातल्या पोलिसाचा हात वर गेलेला लांबूनच बघायचा आणि पायडल थांबवायचा. चौकापाशी पोचेपर्यंत हात खाली येई आणि त्याला सायकलवरून उतरावंही लागत नसे. ब्रेक दाबला तर पुन्हा वेग घ्यायला आपल्याच मांड्यांना राबावं लागणार, हे त्याला ठाऊक असायचं. कष्ट स्वतःच्या अंगातून जात होते तोवर काटकसर अंगात होती. इंजिन आलं आणि कष्ट बॉनेटखाली गेले. मग इंजिनं दणकट झाली, काचा बंद झाल्या, एसी आला, स्टेअरिंग बोटाने फिरू लागलं. आता ताशी शंभरचा वेगही घरातल्या सोफ्यावर बसल्यासारखा शांत वाटतो. गाडी कुठे ओढते आहे, कुठे गुदमरते आहे, हे कानाला कळेनासं झालं. मी आरामाच्या विरोधात नाही. त्या आरामाने जी जाण आपल्या शरीरातून काढून घेतली ती डोळ्यांनी भरून काढायला हवी होती, आणि ते आपण केलं नाही.

1973 च्या तेलसंकटाने जगाला या गोष्टींचा विचार करायला लावला. अमेरिकेने 1974 मध्ये देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा घातली. हेतू तेल वाचवण्याचा होता, पण त्या वर्षी रस्त्यांवरचे मृत्यूही ठळकपणे घटले. लोकांनी गाड्या कमी चालवल्या हे त्याचं एक कारण, आणि वेग उतरला हे दुसरं. आपल्याकडे पीसीआरए ही सरकारी संस्था 1978 पासून हेच सांगत आली आहे: ताशी 45 ते 55 चा एकसारखा वेग ठेवा, क्लचवर पाय ठेवून बसू नका, टायरमधली हवा तपासा, सिग्नलला इंजिन बंद करा. पेट्रोल पंपावरच्या त्या पाट्या आपण वाचल्या आणि विसरलो. आपलं कच्चं तेल 85 टक्क्यांहून अधिक बाहेरून येतं, हेही आपण असंच वाचतो आणि विसरतो.

वेगाचं गणित मात्र विसरू म्हणता विसरता येत नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 80 ला जेवढा असतो त्याच्या सव्वादोन पट 120 ला होतो. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे. 120 ऐवजी 90 च्या वेगाने गेलं तर नागपूरला दोनेक तास उशिरा पोचू, हे खरं आहे, आणि कुणाला ते दोन तास महाग वाटले तर मी भांडणार नाही. पण शहरात हा युक्तिवाद टिकत नाही. एका सिग्नलहून दुसऱ्या सिग्नलपर्यंत उसळी मारायची, मध्ये दोघांना कट मारायचा, आणि लाल दिव्यापाशी करकचून थांबायचं. ज्याला मागे टाकलं तो सावकाश येऊन शेजारी उभा राहतो. मिनिटही वाचलेलं नसतं. पेट्रोल गेलेलं असतं, लायनर झिजलेले असतात, आणि फुटपाथच्या कडेला मुलाचा हात धरून उभ्या असलेल्या बाईच्या छातीत धडधड सुरू झालेली असते. 2022 या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसं गेली, आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग नोंदलेला आहे. इंधन खाणारा वेग आणि माणसं खाणारा वेग वेगळे नाहीत.

दोष एकट्या चालवणाऱ्याचा नाही. पट्टे न मारलेला स्पीडब्रेकर अंधारात अंगावर येतो तेव्हा लांबचं बघून काय उपयोग? घरपोच माल आणणारा मुलगा घड्याळाशी बांधलेला असतो. रात्रभर जागून ट्रक चालवणाऱ्याला झोपायला धड जागा नसते. आणि शिकवतं कोण? माझी भाची अलीकडेच गाडी शिकली. क्लच सोडणं, आठचा आकडा काढणं, रिव्हर्स घेणं, सगळं तिला येतं. तिला घेऊन मी मुळशीच्या रस्त्याला गेले. पुढच्या गाडीचे लाल दिवे पेटले की हिचा ब्रेक, विझले की हिची रेस. मी म्हटलं, "पुढच्या गाडीकडे बघतेस, तिच्या पुढच्या गाडीकडे बघ. त्याच्याही पुढे बघ. त्या झाडाखाली कोंबड्या दिसतात ना, त्यांच्यामागे पोर असणार." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आत्या, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." तासाभरात तिचा पाय आपणहून उचलला जायला लागला होता. पिरंगुट ओलांडेपर्यंत मी सीटचा कठडा धरणं सोडलं होतं.

हे शिकायला प्रतिभा लागत नाही. अंतर ठेवायला आणि जरा थांबायला तयार असावं लागतं. पुढे अंतर सोडलं की त्यात दुसरा कुणी घुसतो, ही सगळ्यांची तक्रार आहे. घुसू द्यावा. आपण पुन्हा पाय उचलावा आणि पुन्हा अंतर घ्यावं.

1 जून 1948 ला एसटीची पहिली बस पुणे-नगर मार्गावर धावली. त्याच तारखेला, 2022 साली, त्याच मार्गावर विजेवर चालणारी शिवाई धावली. तिच्यात पाय उचलला की मोटर उलटी राबते आणि धावेतली थोडी शक्ती बॅटरीत परत जाते. नगरला जाताना मी मुद्दाम पुढे बसले. रांजणगाव मागे पडल्यावर ड्रायव्हरशी बोलणं निघालं. तो पूर्वी डिझेलच्या गाडीवर होता. त्याने पुढचा काटा दाखवला: पाय दाबला की एका बाजूला, उचलला की दुसऱ्या. "आधी केपीटीएल कागदावर आल्यावर कळायचं ताई, आता इथंच दिसतंय," तो म्हणाला. शिरूरच्या अलीकडे ऊस भरलेला ट्रॅक्टर दिसला तेव्हा आम्ही बरेच मागे होतो, आणि काटा तेव्हाच दुसऱ्या बाजूला सरकला होता. नगरच्या स्टँडवर उतारू उतरत असताना शेजारच्या फलाटावरच्या ड्रायव्हरला त्याने खिडकीतून हाक मारली, "तुझं किती टक्के राहिलं रे?"