प्रवासी जहाजावर कुत्र्याची जागा

समुद्रपर्यटनाच्या मोठ्या जहाजांवर, ज्यांना आता सगळेच क्रूझ म्हणतात, हौसेने पाळलेला कुत्रा सहसा घेतला जात नाही. अंध, कर्णबधिर किंवा अन्य अपंग प्रवाशाच्या मदतीसाठी शिकवून तयार केलेला कुत्रा मात्र घेतला जातो. बहुतेक कंपन्यांचा नियम एवढाच आहे. जवळ असला की मालकाला बरे वाटते, एवढ्याच कारणाने आणलेले जनावर तिथे पाळीवच समजतात. हा नियम निष्ठुर की शहाणपणाचा, यावर कुत्री पाळणारे आणि न पाळणारे हमरीतुमरीवर येतात. प्रस्तुत लेखकाचे घर मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या अलीकडे. समुद्राशी त्याचा संबंध फार उशिरा आला. जनावरांच्या प्रवासाशी मात्र लहानपणापासूनचा.

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण गाठायचे तर एसटी, काळीपिवळी किंवा इको. या गाड्यांतून माणसांबरोबर जनावरे नेहमीच गेली आहेत. गटारीच्या आदल्या दिवशी पाय बांधलेल्या कोंबड्या सीटखाली असतात, करडू गोणीतून मान बाहेर काढून मांडीवर बसलेले असते. वाहक आधी जनावराकडे आणि मग गाडीतल्या गर्दीकडे बघतो, शेजारी बसलेल्याची कुरकूर ऐकतो आणि निवाडा देतो. तो निवाडा बहुधा समंजस असतो, पण उद्याचा वाहक तोच निवाडा देईल याची खात्री नसते.

मोठ्या जनावरांची तऱ्हा निराळी. म्हसा गावी पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. तिथल्या बैलबाजाराला पूर्वी बैल चालत यायचे, आता टेम्पोतून येतात. जनावरे वाहून नेणाऱ्या गाडीत गाय-म्हशीला किमान दोन चौरस मीटर आणि शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर जागा हवी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. यात्रेच्या दिवसांत रस्त्यावर उभे राहून टेम्पोत डोकावले की हे माप किती जणांना ठाऊक आहे ते कळते. पावसाळा सरल्यावर घाटावरचे धनगर मेंढरे घेऊन माळशेज उतरतात. त्यांच्या घोड्यावर संसार, पोरे आणि कोंबड्याही चढवलेल्या असतात. कुत्रा तेवढा खाली, कळपाच्या कडेने चालत. त्याला कुणी वाहनात घालत नाही, कारण चालणे हेच त्याचे काम आहे. थोडक्यात, या भागात जनावराची जागा त्याच्या किमतीवरून किंवा कामावरून ठरते. किंमतही नाही आणि काम म्हणावे तर अंगणात भुंकण्याचे, अशा घरच्या कुत्र्याची जागा कुणीच ठरवलेली नाही.

लेखकाच्या घरचा मोत्या असाच गावठी कुत्रा. काही महिने मुलाकडे अमेरिकेला जायचे ठरले, तेव्हा त्याला अलिबाग तालुक्यात लेकीच्या घरी पोचवणे आले. एसटीचा विचार केला नाही, कारण भरल्या गाडीत पंधरा किलोचा कुत्रा घेऊन चढणे म्हणजे चाळीस माणसांच्या सहनशीलतेची परीक्षा. लांब पल्ल्याच्या रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर वातानुकूलित प्रथम वर्गातला दोन किंवा चार जणांचा अख्खा कक्ष आपल्या नावे लागतो; नाहीतर त्याने गार्डच्या डब्यातल्या पेटीत बसायचे. हा नियम मुरबाडकराच्या खिशासाठी लिहिलेला नाही. शेवटी गावातली इको भाड्याने केली, मागे गोणपाट अंथरले आणि पहाटे निघून भाऊचा धक्का गाठला.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. गाडीसकट तासाभरात पलीकडे नेणाऱ्या या बोटीवर पाळीव जनावरांना मज्जाव नाही. त्यांचे वेगळे तिकीट असते. मोत्याच्या गळ्यात पट्टा, हातात साखळी आणि खिशात रेबीजच्या लशीचा दाखला अशी तयारी होती. बोट हलेपर्यंत तो शांत होता. इंजिनाची घरघर लोखंडी पाट्यातून पायांत शिरली तसा तो थरथरू लागला. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. प्रवाशांना नुसता गुरगुराट वाटणाऱ्या बोटीत त्याच्या कानांवर काय काय आदळत असेल, याचा अंदाज त्याच्या मागे दाबलेल्या कानांवरून येत होता. शेजारच्या गाडीतला झुपकेदार परदेशी जातीचा कुत्रा मात्र मालकिणीच्या कुशीत झोपला होता. सवयीचा भाग.

खरी अडचण वेगळीच निघाली. माती आणि गवत यांची सवय असलेला गावठी कुत्रा लोखंडावर लघवी करत नाही. पहाटेपासून त्याने धरून ठेवली होती. मांडव्याला उतरल्यावर रस्त्याकडेच्या पहिल्या मातीच्या कडेला तो जो उभा राहिला, तो मागच्या दोन गाड्यांनी हॉर्न वाजवले तरी हलला नाही. एक तास निभला. हाच प्रवास सात दिवसांचा असता तर?

या प्रश्नाचे उत्तर पुढच्या काही महिन्यांत अमेरिकेत मिळाले. मुलाने आईवडिलांसाठी फ्लोरिडाहून कॅरिबियन बेटांकडे जाणाऱ्या जहाजाची तिकिटे काढली होती. जहाजावर हजारो माणसे आणि त्यांत एक लॅब्राडोर. त्याच्यासोबत मध्यमवयीन अंध बाई होत्या. कुत्र्याच्या पाठीवर ताठ मुठीचा पट्टा होता. त्या मुठीवर हात ठेवून त्या जिन्यावरून, लिफ्टमधून, माणसांनी तुंबलेल्या जेवणघरातून सहज जात. जेवताना कुत्रा टेबलाखाली पसरे. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने पोळीसारखे काहीतरी त्याच्यापुढे टाकले, त्याने ते हुंगलेसुद्धा नाही. लेखकाच्या पत्नीला हे पाहून कौतुकाहून वाईटच अधिक वाटले. कुत्र्याने कधीतरी कुत्र्यासारखे वागावे, असे तिचे म्हणणे.

त्याच्या विधीची सोय एका खालच्या डेकवर, आडबाजूला होती: लाकडाच्या चिपा भरलेली चौकोनी पेटी. काही कंपन्यांच्या जहाजांवर अशी पेटी चार फूट लांब आणि चार फूट रुंद असते. तिच्यावर पाय ठेवायचा आणि आज्ञा झाल्यावर मोकळे व्हायचे, हे या कुत्र्यांना शिकवलेले असते. मोत्याला हे शिकवायला किती पावसाळे लागले असते कोण जाणे. बाकी नियमही कडक होते. कुत्रा खोलीत एकटा ठेवायचा नाही, पोहण्याच्या तलावात न्यायचा नाही, त्याचे खाणे मालकाने सोबत आणायचे. पहिल्या दिवशी संकटकाळी जमण्याची कवायत झाली, तेव्हा ठरलेल्या जागी बाईंसोबत तोही उभा होता. समुद्रात सगळ्यांत महत्त्वाची तालीम हीच असते आणि त्या रांगेत शांत उभे राहता न येणारे जनावर जहाजावर कशाला हवे, हा प्रश्न रास्त आहे.

एका बेटावर मात्र त्या बाई उतरल्या नाहीत. तिथले कागद पुरे नव्हते, म्हणून कुत्र्याला परवानगी नव्हती आणि कुत्र्याशिवाय त्यांना फिरता येत नव्हते. जहाजाने कुत्रा घेतला म्हणून बंदर घेईलच असे नाही. बेटांना रेबीजची धास्ती असते आणि ती खोटी नाही. हवाई, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे हा रोग नाही आणि तो येऊ नये म्हणून कुत्र्यांवर लांबलचक तपासण्या आणि विलगीकरणाची बंधने आहेत. भारतातून थेट ऑस्ट्रेलियाला कुत्रा नेता येत नाही. २०१५ मध्ये नट जॉनी डेप याचे दोन छोटे कुत्रे खासगी विमानातून न सांगता तिथे पोचले, तर तिथल्या कृषिमंत्र्याने ते परत पाठवा, नाहीतर मारावे लागतील असे जाहीर बजावले होते. ज्यांच्या गावात कुत्रा चावला की इंजेक्शनासाठी सरकारी दवाखान्याकडे धाव घ्यावी लागते, त्यांना या कडकपणाचा राग येऊ नये.

अपंगांच्या कुत्र्याला अमेरिकेत जो हक्क आहे, तो १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने दिलेला आहे. जहाज परदेशी झेंड्याचे असले तरी अमेरिकेच्या पाण्यात हा कायदा त्याला लागू होऊ शकतो, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन या खटल्यात सांगितले. खटला कुत्र्याचा नव्हता. चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशांना जहाजावर वावरता येत नाही, अशी तक्रार होती. त्या कायद्याखालच्या नियमांनुसार दुकान किंवा उपाहारगृह कुत्र्याच्या मालकाला दोनच गोष्टी विचारू शकते: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. दाखला मागता येत नाही. या सैलपणाचा फायदा घेणारे पुष्कळ निघाले. हौसेच्या कुत्र्याला ‘सेवा’ लिहिलेला अंगरखा चढवून मिरवणारे लोक अमेरिकेत दिसतात. मानसिक आधाराचा म्हणून विमानात मोर नेऊ पाहण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा तिथल्या वाहतूक खात्याने नियम बदलले. २०२१ पासून मानसिक आधाराच्या जनावरांना मदतनीस कुत्र्यांसारखे वागवण्याचे बंधन विमान कंपन्यांवर राहिले नाही. खोटा अंगरखा घालणारा माणूस नुकसान करतो ते खऱ्या अंधाचे, कारण पुढच्या वेळी संशयाची नजर त्याच्यावर पडते.

जहाज आणि मदतनीस कुत्रा यांचा संबंध क्रूझच्या धंद्याहून जुना आहे. मॉरिस फ्रँक हा अमेरिकेतला अंध तरुण १९२८ मध्ये कुत्र्यासाठी बोटीने युरोपला गेला. जाताना त्याला एखाद्या पार्सलासारखे सांभाळण्यात आले. फिरायचे ते जहाजाच्या माणसासोबत, बाकी वेळ खोलीत. स्वित्झर्लंडमध्ये डोरोथी युस्टिस यांच्या केंद्रात त्याला बडी ही कुत्री मिळाली आणि परतीच्या जहाजावर तो तिच्यासोबत हवा तिथे हिंडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही मार्गदर्शक कुत्री तयार करणारी संस्था उभी राहिली. त्याच माणसाच्या या दोन प्रवासांतला फरक पाहिला की मदतनीस कुत्र्याला विरोध करण्याजोगे फारसे उरत नाही.

हौसेच्या कुत्र्यांचा इतिहास श्रीमंतांचा आहे. टायटॅनिकवर डझनभर कुत्री होती, त्यांतली तीन वाचली, तीही मालकिणींच्या कुशीत मावणारी. आज साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क अशी अटलांटिक ओलांडणारी क्वीन मेरी २ ही बोट पाळीव कुत्री घेते. त्यांची जागा वरच्या डेकवर, सांभाळायला स्वतंत्र माणूस आणि पाय वर करायला एक ब्रिटिश दिव्याचा खांब व एक अमेरिकी पाण्याचा नळखांब. गंमत सोडली तर त्यामागे विचार आहे: प्रवास एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर आहे, मधे बेटे नाहीत आणि कुत्रा मालकाच्या खोलीत नाही. ते मौजेसाठी नेलेले जनावर नसून घर बदलणाऱ्याचे बिऱ्हाड असते. मोत्याचाही प्रवास त्याच जातीचा होता.

भारतात चित्र विस्कळीत आहे. विमान कंपन्यांत इंडिगो फक्त मदतनीस कुत्रा घेते, तर आकासाने नोव्हेंबर २०२२ पासून छोटी पाळीव जनावरेही घ्यायला सुरुवात केली. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा वाहतूक सुलभ करण्याचे सांगतो, पण मदतनीस कुत्र्याचे नाव त्यात नाही. शिवाय असा कुत्रा मिळाला तरी मुरबाडच्या बाजारपेठेतून त्याला घेऊन चालणे सोपे नाही. प्रत्येक कोपऱ्यावरची भटकी टोळी अंगावर येते आणि कामावरचा कुत्रा उलट भुंकू शकत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बसस्थानके, रेल्वे स्थानके, शाळा आणि रुग्णालये यांच्या आवारातून भटकी कुत्री हलवण्याचा आदेश दिला. त्यावर प्राणिप्रेमी संतापले. पण अंध माणूस आणि त्याचा कुत्रा स्थानकात निर्धास्त चालू शकेल का, हे त्या वादात फारसे कुणी विचारले नाही.

जहाजावर अंगाला कुत्र्याच्या केसांची बाधा होणारे लोक असतात, कुत्र्याला भिणारी मुले असतात. त्यांचीही बाजू आहे, पण ती दूरचे टेबल आणि वेगळी खोली देऊन सांभाळता येते. अंध माणसाचे डोळे दूरच्या टेबलावर ठेवता येत नाहीत. म्हणून मदतनीस कुत्र्याला जहाजावर, विमानात आणि एसटीतही बिनशर्त जागा हवी आणि तो नियम वाहकाच्या मर्जीवर न सोडता आगाराच्या फलकावर ठळक लिहिलेला हवा. घरच्या कुत्र्याला तासाभराची बोट चालेल. आठवड्याचे समुद्रपर्यटन हा मालकाचा आनंद असतो, कुत्र्याचा नव्हे. त्याला गावात ओळखीच्या घरी, मातीवर ठेवून जावे आणि जाण्यापूर्वी त्याची रेबीजची लस झाली आहे ना, ते बघावे.